भिंतींचं कौतुक पुरे, खांबांकडेही बघा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या भित्तिचित्रांवरचा लेख वाचला. लेखकमहाशय काळ्या टॅक्सीत बसून शहर फिरले आणि प्रत्येक भिंत त्यांना 'बोलकी' वाटली. आनंद आहे. फक्त बॉबी सँड्सच्या चित्राखाली 'शँकिल रोड' छापलंत, ते आधी दुरुस्त करा. १९८१ साली तुरुंगात उपोषण करून गेलेल्या त्या रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक करू पाहणाऱ्या, कैद्याचं चित्र कॅथलिकांच्या फॉल्स रोडवर आहे. ते ब्रिटनशी एकनिष्ठ प्रॉटेस्टंटांच्या शँकिलवर काढायला गेलेला रंगारी शिडीवरून धड खाली उतरला नसता. दोन रस्त्यांच्या मध्ये ती उंच भिंत काय हौसेनं बांधलीय?

पण पत्र लिहायला बसले ते लेखातल्या शेवटच्या सल्ल्यामुळे. म्हणे, 'स्थानिकांनी मनावर घेतलं तर बंदुकांची चित्रं एका रात्रीत पुसली जातील.' घ्या!

माझी लेक तिथे नर्स आहे. जून-जुलैत मी तिच्याकडे होते. एका संध्याकाळी, लख्ख उजेडात, तीन-चार बाप्ये शिडी घेऊन आले आणि आमच्या दारासमोरच्या दिव्याच्या खांबाला झेंडा बांधून निघून गेले. मधोमध लाल पंजा, त्याखाली 'फॉर गॉड अँड अल्स्टर'; म्हणजे यूव्हीएफ या प्रॉटेस्टंट सशस्त्र संघटनेचा झेंडा. शेजारच्या आजींनी पडदा ओढून घेतला, बाकी गल्लीत हूं की चूं नाही. लेकीनं फोन लावले. एकीकडून उत्तर आलं, खांब आमचा नाही. ज्यांचा होता ते म्हणाले, माणसं पाठवली तर त्यांना मार पडेल. तिसरीकडे उलट तिलाच विचारलं, तुम्हाला कुणी थेट धमकी दिलीय का? आम्ही ना कॅथलिक, ना प्रॉटेस्टंट, साताऱ्याची माणसं. पण २०२४ च्या ऑगस्टात त्याच शहरात बाहेरून आलेल्यांची दुकानं जाळली होती, त्यामुळे रात्रपाळीला जाताना ती पलीकडच्या फुटपाथवरून चालायला लागली. मी निघाले तोवर पावसानं झेंड्याच्या चिंध्या झाल्या होत्या. त्या चिंध्यांनाही हात लावायची कुणाची टाप नव्हती.

या यूव्हीएफवर बंदी आहे बरं का. पण झेंड्यावर १९१२ साल छापलं की तो त्या काळच्या जुन्या स्वयंसेवक दलाचा, म्हणून 'ऐतिहासिक' होतो आणि सगळे सुटतात! २०१७ साली कँट्रेल क्लोजमध्ये, म्हणजे दोन्ही समाजांनी एकत्र राहावं म्हणून मुद्दाम उभारलेल्या वसाहतीत, आधी हेच झेंडे लागले आणि सप्टेंबरात चार कॅथलिक कुटुंबांना धमक्यांमुळे घरं सोडावी लागली. आता त्यांनी नक्की काय 'मनावर घ्यायचं' होतं?

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. तिथल्या कला परिषदेनं २००६ पासून भिंती बदलायला पैसे दिले. सँडी रोवरचा बुरखाधारी बंदूकवाला जाऊन २०१२ साली तिथे प्रॉटेस्टंटांचा लाडका जुना राजा विल्यम आला. पण अशी चित्रं बदलायची तर आधी बुरखेवाल्यांच्याच मंडळींची मनधरणी करावी लागते, आणि झेंडा तर दर उन्हाळ्यात नवाकोरा येतो. त्यासाठी २०१६ साली आयोग नेमला. आठ लाख पौंडांवर खर्च झाला, अहवाल २०२१ च्या डिसेंबरात बाहेर आला, आणि झेंड्यांवर एकमत नाही ते नाहीच.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्या दारात खांब आहे त्याला तक्रारदार करू नका. खांब ज्या खात्याचा, त्यानं ठरलेल्या तारखेला सगळ्याच मोहल्ल्यांतले झेंडे स्वतःहून उतरवावेत, बंदोबस्तात उतरवावेत. मग कुणी फोन केला हे शोधायला कुणी येणार नाही. लेखकमहाशयांनी पुढच्या खेपेला टॅक्सीतून उतरून एखाद्या घराची बेल वाजवावी.

आणि हो, शब्दकोड्याची उत्तरं हल्ली पुढच्या रविवारी येतच नाहीत. ती बंद केलीत की जाहिरातीला जागा हवी होती, तेही कळवावं.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, सातारा