रविवारी छप्पनवर लेझीम, तोवर अळीमिळी गुपचिळी!

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी बरोबर ६ वाजता आपल्या इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत आपला लेझीमचा फ्लॅश मॉब, म्हणजे भर गर्दीत अचानक सुरू होणारा खेळ, आहे. शेवटची तालीम शनिवारी रात्री ८ वाजता, मंडळाच्या गच्चीवर. तालमीला न आलेल्यांनी रविवारी प्रेक्षकांत उभं राहावं, ही विनंती.

- घोळक्याने येऊ नका. पावणेसहापर्यंत दोघं-तिघं मिळून पोहोचा, गिऱ्हाइकासारखे फिरा.
- लेझीम टॉवेलात घट्ट गुंडाळून पिशवीत ठेवा. परवा जिना चढतानाच छमछम ऐकू येत होती. तिथे तसं झालं तर सगळी मजाच जाईल.
- बाकावर बसलेल्या काकूंनी ढोलकीवर थाप मारली की पहिली रांग पुढे, आठ मात्रांनी दुसरी. चार मिनिटांत खेळ संपवून, टाळ्यांसाठी न थांबता पांगायचं.
- परवानगी घेतलेली आहे, तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवू नका.
- आधी स्टेटस लावू नका, घरच्या पाहुण्यांनाही सांगू नका.

२०११ मध्ये मुंबईच्या सीएसटीवर भर गर्दीत सुमारे दोनशे जण अचानक नाचू लागले आणि घाईतले प्रवासी जागीच थबकले. शिकंजीचा ग्लास ओठांशी तसाच धरून कुणीतरी हसतंय, असा चेहरा मला आपल्या इंदुरात पाहायचाय. म्हणून तर महिनाभर ही खटपट!

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं कळवा.

– सचिव