अण्णांसाठी कुठला घ्यायचा, ते सांगतो

शहापूर, बेळगाव
नागपंचमीच्या आदल्या दिवशी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

अण्णांसाठी तू निवडलेले दोन्ही छोटे बूमबॉक्स, म्हणजे ते हँडलवाले रेडिओ-स्पीकर सेट, तुमच्या वडगावच्या घरी नेऊन हाताळून झाले. उत्तर आधीच सांगतो. काळा घे, चंदेरी घेऊ नकोस. फोनवर एवढंच बोललो असतो तर तू लगेच विचारलं असतंस की चंदेरी दिसायला इतका झकास, आवाजही मोठा, मग नको का? म्हणून बसून लिहितोय. अण्णांच्या उशाशी रोज राहणारी वस्तू आहे ती.

चंदेरी आमच्या पुतण्याकडे आहे, तो मागून घेतला. काळा खडे बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून दाखवायला म्हणून आणला. "न्या की वो, राहू दे चार दिवस, त्यात काय," म्हणाला दुकानदार, आणि खोकंसुद्धा न देता नुसता हातात दिला. कंपन्यांची नावं लिहीत नाही, त्यांचा उपयोगही नाही. एकाच कारखान्यातला साचा बाजारात चार नावांनी फिरतो. तू नाव विसर आणि मी सांगतो त्या खुणा बघ: खुंट्या फिरतात का, मागे सेलचं झाकण आहे का, आणि पट्टीवर एफएमच्या शेजारी मीडियम वेव्ह, म्हणजे आकाशवाणीचा तो जुना बँड, लिहिलंय का.

चंदेरी म्हणजे आखातातून येणाऱ्या त्या जपानी टू-इन-वनची तंतोतंत छोटी आवृत्ती. तुमच्या शेजारच्या घरी होता तसा. दोन गोल जाळ्या, मधे कॅसेटचं दार, वर हँडल. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली, १९६६ मध्ये रेडिओ आणि रेकॉर्डर एकाच पेटीत बसवला, आणि पुढं जपानी कंपन्यांनी त्याचे ते मोठे दोन स्पीकरवाले सेट केले. चंदेरीवर ते सगळं रूप उतरलंय, पण कॅसेटचं दार उघडत नाही, पुढच्या कळा नुसत्या उठावाच्या आहेत आणि दोन्ही मोठ्या खुंट्या घट्ट चिकटवलेल्या. अण्णांचा हात पहिल्यांदा गेला तो आवाजाच्या खुंटीवरच. त्यांनी ती एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवून बघितली. "ही फिरत न्हाई व्हय रे?" म्हणाले आणि सेट माझ्याकडं सरकवला. मला तेव्हाच वाटलं की निकाल लागला.

खरी बटणं वरच्या बाजूला आहेत, रबराची, एकसारखी, काळ्यावर काळी अक्षरं. त्यातल्या एकाच बटणावर ब्लूटूथ, एफएम, पेन ड्राइव्ह, ऑक्स असं एकामागून एक बदलत जातं आणि प्रत्येक वेळी आतली बाई इंग्रजीत ओरडून सांगते. तिचा आवाज कमी करायची सोय नाही. अण्णा अजून पहाटे साडेचारला उठतात, तुला ठाऊकच आहे. विणकामाचा माग बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ती वेळ सुटलेली नाही. त्या वेळी घरात ही बाई ओरडली तर वहिनी आणि पोरं दचकून उठणार, आणि अण्णा दुसऱ्या दिवसापासून सेटला हातच लावणार नाहीत. त्यांचा स्वभाव तुला मी सांगायला नको.

काळ्याला दोनच खुंट्या, दोन्ही कामाच्या. डावी फिरवली की टक् होऊन सुरू होतो आणि तशीच फिरवत गेलं की आवाज वाढतो. उजवीनं सुई सरकते. बाजूला एक सरकती कळ आहे, एफएम, मीडियम वेव्ह, ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्ह अशी. ती जिथं ठेवली तिथंच राहते, म्हणजे रात्री भजनावर बंद केला तर पहाटे भजनावरच उघडतो. अण्णांना मी काही शिकवलं नाही. त्यांनी अंधारातसुद्धा सुरू करून दाखवला.

आता आवाजाचं सांगतो, कारण तुझा सगळा भर त्यावर होता. चंदेरी मोठा वाजतो, यात वाद नाही. त्याच्या पाठीमागं रबराचा एक मुका पडदा आहे. त्याला तार जोडलेली नसते, आतल्या हवेच्या दाबानं तो हलतो आणि खालच्या स्वरांना जोर देतो. नाचाच्या गाण्याला ते छान लागतं. पण तबला लावला की डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकाच सुरात "धुम्म" येतो. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड नाही, घुमारा नाही. एवढ्याशा पेटीत तो पडदा एका ठरावीक सुराजवळच जास्त हलतो, त्यामुळे डग्गा कुठल्याही सुरात असला तरी तो त्याला आपल्या सुरात ओढतो.

काळ्यात असा पडदा नाही, खालचे स्वर तो सरळ कमीच देतो. तरी तानपुरा त्याच्यावर भरलेला वाटला, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा, खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. दोन इंचांच्या स्पीकरला ६९ वाजवणं जमत नाही. पण तानपुऱ्याच्या तारेत त्या खर्जाच्या दुपटी, तिपटी, चौपटी असतात, त्या मात्र नीट वाजतात, आणि त्यांच्यावरून आपला कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. जव्हारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी ती झणझण, जितकी मोकळी, तितकं हे चांगलं घडतं. म्हणून मुद्दाम कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावलं. सुळेभावीत जन्मलेला माणूस, आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर. तो टोकदार, एकदम उसळणारा स्वर काळ्यावर जसाच्या तसा येतो. मग गंगूबाई हनगल लावल्या. तो रुंद, भारदस्त आवाज चंदेरीवर पोकळ झाला. चंदेरीत आवाज "पसरवण्याचा" एक खेळ आहे, दोन बाजूंत फरक करून मोठ्या सेटचा भास आणायचा. त्यात मधला गाणारा माणूसच मागं ढकलला जातो. तसंही वीतभर अंतरावरच्या दोन स्पीकरांतून खरा स्टिरिओ थोडं दूर बसलेल्याला फारसा कळत नाही. अण्णांना गाणाऱ्याचे शब्द हवेत. त्यांच्या कानांना आता स, श, त, थ कमी पोहोचतात, आणि काळ्यावर ते अक्षर-अक्षर सुटून येतात. हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

तुमच्या माजघरातल्या कोनाड्यात काळा ठेवून बघितला. तीन बाजूंनी भिंत मिळाली की लहान स्पीकरचा खालचा आवाज वाढतो, तसा वाढला. तिथंच ठेवूया. फक्त पुढच्या कडेला ठेवायचा, अगदी आत ढकलला तर आवाज घुमतो. आणि ब्लूटूथ लावायचं असेल तर फोन त्याच खोलीत हवा. खोक्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेचं. तुमच्या घराच्या दोन हात जाडीच्या भिंतींपलीकडं, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेल्या, आवाज तुटत होता.

वॉटच्या आकड्यांकडं बघू नकोस. काही खोक्यांवर पीएमपीओ म्हणून शेकड्यांत आकडा छापतात, त्याला काही आधार नसतो. आरएमएस, म्हणजे सतत वाजताना मिळणारी ताकद, लिहिलेला आकडा तेवढा वाच. चंदेरीवर दहा वॉट लिहिलंय आणि आत १२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी आहे. ३.७ व्होल्टनं गुणलं की साडेचार वॉट-तासही भरत नाहीत. म्हणजे पूर्ण दहा वॉट घेतले तर अर्धा तासही निघायचा नाही. "आठ तास" लिहिलेलं आहे ते अगदी हळू आवाजातलं. शिवाय ती बॅटरी आत डकवलेली, दोन-तीन वर्षांनी बसली की सेट टाकून द्यायचा. काळ्यात मागं झाकण आहे आणि आत एकच १८६५० सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. अण्णांनी झाकण उघडून सेल काढला, बघितला, परत घातला. तुला आठवतं का, त्यांच्या जुन्या सेटला सहा मोठे सेल लागायचे, आणि ते बसत आले की काकू गच्चीवर उन्हात मांडून ठेवायच्या? झाकण उघडतंय म्हटल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते तू बघायला हवं होतंस. पुढं सेल बदलायची वेळ आली तर मला विचारून घे. ९९०० मिलीअँपिअर-तास लिहिलेले १८६५० सेल बाजारात मिळतात, ते खोटे. या मापातला चांगला खरा सेल साधारण साडेतीन हजारांच्या आसपास असतो.

रेडिओचं जरा निराळं झालं. केएलई संस्थेचं बेळगावातलं एफएम केंद्र वेणुध्वनी ९०.४ वर दोन्ही सेटवर स्वच्छ लागलं. पण अण्णा ऐकत आले ते मीडियम वेव्हवर, मागाच्या खडखडाटात: १२५१ किलोहर्ट्झवर आकाशवाणी सांगली, ७६५ वर धारवाड. एकाच खोलीत सकाळी मराठी भक्तिगीत, दुपारी कन्नड नाटक. चंदेरीला मीडियम वेव्हच नाही. काळ्यावर धारवाड लागलं, पण आधी नुसती खरखर होती. अण्णांनी मला एलईडी दिवा बंद करायला लावला, चार्जरची पिन काढायला लावली आणि सेट हळूहळू फिरवत एका कोनात थांबवला. आवाज स्वच्छ. मीडियम वेव्हसाठी वरची लांब अँटेना कामाची नसते, आत फेराइटची कांडी असते, आणि तिची लांब बाजू स्टेशनकडं केली की सिग्नल भरपूर येतो. हे सगळं त्यांच्या हातांना अजून पाठ आहे. सांगली मात्र दिवसा खरखरीतून वर आली नाही. त्यासाठी प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर अ‍ॅप त्यांच्या फोनवर घालून दिलंय, ब्लूटूथवर सांगली लावता येते. पण फोन लावून द्यायला माणूस लागतो, म्हणून मुख्य भर पेन ड्राइव्हवर ठेवू.

तिथंही काळाच बरा. बंद केला तेव्हा जे गाणं चालू होतं तिथूनच पुन्हा सुरू होतो. चंदेरी दर वेळी पहिल्या गाण्यावर जातो, म्हणजे अण्णांना आयुष्यभर तोच पहिला अभंग. एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे: गाणी नावाच्या क्रमानं वाजत नाहीत, ज्या क्रमानं पेन ड्राइव्हवर टाकली त्या क्रमानं वाजतात. म्हणून पेन ड्राइव्ह एफएटी ३२ या, अशा सेटला वाचता येणाऱ्या, पद्धतीत फॉरमॅट करून, हवी त्या क्रमानं एकेक टाकावी लागतात. ते काम माझ्याकडं.

आणि त्यांच्या ट्रंकेतल्या कॅसेटी मी एमपीथ्री करून देणार आहे. माझ्या कॅसेट डेकचा पट्टा नुकताच बदललाय. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही, पण १२८ केबीपीएस या नेहमीच्या दर्जाला मिनिटाला एक एमबीसुद्धा लागत नाही. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सव्वाशे तासांहून जास्त मावेल. त्यात गल्लीतल्या भजनी मंडळाचं एकादशीचं रेकॉर्डिंग आहे, टाळ अण्णांचे. ते सगळ्यात आधी भरतो, कारण जुन्या फितीवरचा लेप सुटायला लागला की पुन्हा मिळत नाही.

चंदेरी तुझ्या लेकीला घेतलास तर मी अडवणार नाही. टाइप-सी चार्जिंग आहे, तसे दोन एकमेकांना जोडता येतात, दिवे लुकलुकतात, गच्चीवरच्या वाढदिवसाला झक्कास. काळ्याचं चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबीचं आहे, अँटेना बारीक आहे, आणि गच्चीवर त्याचा आवाज पुरणार नाही. माजघरात पुरून उरतो.

दुकानदाराला काळा ठेवून घेतो म्हणून कळवलंय. पैसे मी देतो, तू गणपतीला येशील तेव्हा बघू. येताना तुझ्याकडचा एखादा जुना ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर आण. आताच्या फास्ट चार्जरला अण्णा घाबरतात आणि या सेटला तेवढ्याची गरजही नाही. कॅसेटी ट्रंकेतून काढून ठेवायला त्यांना फोनवर सांग, तुझं ऐकतील. येत्या रविवारी मी वडगावला जाऊन घेऊन येतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
शहापूरकर