मेळघाटला फराळापेक्षा पावसाळ्यातले दहा दिवस द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की मेळघाटात कपडे, ब्लँकेटे आणि फराळ वाटल्याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सगळ्याच वृत्तपत्रांत छायाचित्रांसकट येऊ लागतात. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही, कारण बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी मीही अशा एका जीपमधून जुन्या कपड्यांची चार गाठोडी घेऊन सेमाडोहच्या पुढे गेलो होतो. त्यांत जीनच्या पँटी होत्या, एक सफारी सूट होता आणि (आमच्या सोसायटीची कृपा) लग्नात एकदाच नेसलेल्या दोन भरजरी साड्याही होत्या. पुढच्या खेपेला त्यांतली एक साडी शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा म्हणून बांधलेली दिसली आणि खरे सांगायचे तर तिचा तोच उपयोग योग्य होता.

मुद्दा वेळेचा आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू आदिवासींच्या पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास निदान नवे पीक तरी हाताशी आलेले असते. खरी ओढाताण असते ती जुलै ते सप्टेंबर. घरातले धान्य सरलेले, आईबाप उजाडताच शेतावर गेलेले, तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, पिण्याचे पाणी गढूळ आणि नाल्याला पूर आला की दवाखान्याची वाट बंद. आधीच वजन कमी असलेले मूल अशा दिवसांत हगवणीने किंवा न्यूमोनियाने दोन-तीन दिवसांत हातचे जाते. 1993 साली येथील बालमृत्यूंनी राज्यभर खळबळ उडाली, त्यानंतर योजना आल्या, न्यायालयात याचिका झाल्या आणि सुधारणाही झाली, हे नाकारता येणार नाही. पण पावसाळा दरवर्षी येतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपली शहरी मंडळी घाटात फिरकत नाहीत. फिरकलीच तर चिखलदऱ्याचे धुके पाहायला.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मी एका संस्थेच्या तुकडीबरोबर दहा दिवस एका पाड्यावर राहिलो. तिसऱ्या दिवशी सात महिन्यांचे एक मूल धापा टाकताना आढळले. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मी श्वास मोजले, पण घाईने पंधरा सेकंदच मोजून चाराने गुणले आणि चव्वेचाळीस असा आकडा सांगून मोकळा झालो. गावातल्या आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, शेजारीच बसल्या होत्या. ‘सर, पूर्ण मिनिट मोजावं लागतं,’ एवढेच म्हणून त्यांनी मुलाची छाती उघडी केली, तो रडायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मोजायला सुरुवात केली. छप्पन्न भरले. या वयाच्या मुलाला पन्नास ही धोक्याची रेषा आहे. त्यांनी आपल्या पेटीतल्या औषधाचा पहिला डोस दिला, नाल्याचे पाणी उतरेपर्यंत दोन तास आम्ही थांबलो आणि मग बापाने मुलाला छातीशी बांधून आरोग्य केंद्र गाठले. मूल वाचले. त्या दिवशी माझा हातभार छत्री धरण्यापुरता होता.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आपण अडाण्यांना शिकवायला जातो हा आपला गैरसमज तिथे फार नुकसान करतो. तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने डंबा देण्याची, म्हणजे पोटावर डागण्या देण्याची रीत अजून काही घरांत आहे. एका महाविद्यालयीन गटाने यावरून एका आजीला चारचौघांत फैलावर घेतले. त्यानंतर आठवडाभर त्या वाडीत आम्हाला कोणी मूल दाखवीना. आशाताई मात्र त्याच आजीशी कोरकूत तासभर बोलत बसल्या. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचे नाते नाही. पाण्याला ‘डा’ म्हणतात एवढे शिकून गेलो तरी घरात बसायला जागा मिळते.

असे काम होऊ शकते याची उदाहरणे समोर आहेत. हरिसालपासून चाळीस किलोमीटर पायपीट करून बैरागड गाठणारे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे तिथेच राहिले. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याची मैत्री ही संस्था पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या मेळघाटात पाठवत आली आहे. सर्वांनाच जन्मभर तिथे राहणे शक्य नाही, मलाही नाही. परंतु एकाच पाड्यावर, दरवर्षी, तीच माणसे दहा दिवस गेली तर लोक त्यांना ओळखू लागतात, हे मी अनुभवले आहे.

आपणांस विनंती अशी की, फराळवाटपाच्या आवाहनांना आपण ऑक्टोबरमध्ये जेवढी जागा देता, तेवढीच मे महिन्यात पावसाळी स्वयंसेवकांच्या आवाहनाला द्यावी, म्हणजे रजा टाकायला आणि जूनमधील प्रशिक्षणाला लोकांना वेळ मिळेल. मी येत्या जुलैत पुन्हा जाणार आहे. येताना सेकंदकाट्याचे घड्याळ आणा, असे आशाताईंनी फोनवर बजावले आहे. मागच्या खेपेच्या माझ्या घड्याळात चौथ्याच दिवशी पाणी शिरले होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, अमरावती