डॉक्टर मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तपासणी झाली की दर वेळी मी नुसतं 'थँक्यू मॅडम' म्हणून उठते. बाहेर पेशंट खोळंबलेले असतात, तुम्हालाही घाई असते. त्यामुळे जे सविस्तर सांगायचं होतं ते राहूनच गेलं. आज ते लिहिते आहे, आणि तुमच्या परवानगीने उघडपणे लिहिते आहे. पाळी गेल्यावर खालचा कोरडेपणा, आग आणि लघवीचा त्रास यांनी हैराण झालेल्या कितीतरी जणी माझ्या ओळखीत निघाल्या. तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचायला हवं. तुमचं नाव मात्र तुमच्याच सांगण्यावरून लिहीत नाही.

मी तुमच्याकडे आले ती लघवीच्या तक्रारीसाठी. वरचेवर उन्हाळी लागायची. थेंबभर लघवीलाही आग व्हायची, आणि रात्री उठून उठून झोपेचं खोबरं व्हायचं. आधी जिथे जिथे दाखवलं तिथे इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स मिळायचा. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. कधी कल्चरमध्ये जंतू सापडत, कधी रिपोर्ट अगदी स्वच्छ येई आणि आग मात्र तशीच. रिपोर्ट स्वच्छ आला की 'पाणी भरपूर प्या, टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर बोळवण होई.

तुम्ही ती सगळी फाइल शांतपणे चाळलीत. मग पेन खाली ठेवून विचारलंत, "पाळी जाऊन किती वर्षं झाली? खाली कोरडं वाटतं का? बसताना टोचतं? संबंधाच्या वेळी दुखतं?" हे प्रश्न तोवर मला कुणीही विचारले नव्हते, आणि आपणहून सांगायची माझी हिंमत नव्हती. लघवीबद्दल मी बोलू शकत होते. बाकीचं जिभेवर येऊन परत जायचं. तुम्ही ते ताप-खोकल्याबद्दल विचारावं तितक्या सहज विचारलंत, म्हणून मलाही सहज सांगता आलं. माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आभार त्या प्रश्नांसाठी.

तपासताना तुम्ही सगळ्यात लहान स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघायचं उपकरण, घेतलात. "दुखलं तर सांगा, मी थांबेन," म्हणालात, आणि मी 'आई गं' म्हटल्यावर खरोखर थांबलात. नंतर योनीच्या आतल्या बाजूला कागदाची एक पिवळी पट्टी टेकवलीत. ती बघता बघता हिरवट झाली. डबीवरच्या रंगांच्या रांगेशेजारी ती धरून तुम्ही मला आकडा वाचायला लावलात. सहा! पाळी सुरू असताना तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण साडेचारच्या खाली असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन असतं तोवर आतलं अस्तर जाड आणि ओलसर राहतं. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, त्यावर लॅक्टोबॅसिलाय नावाचे चांगले जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करून त्रासदायक जंतूंना दूर ठेवतात. इस्ट्रोजेन आटलं की अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा कमी होतो, चांगले जंतू नाहीसे होतात. मूत्रमार्गाचं तोंड आणि मूत्राशयाचा खालचा भागही याच हार्मोनवर पोसलेला असतो, त्यामुळे लघवीची आग, घाई आणि वारंवारची इन्फेक्शन्स हा सगळा त्याच घरचा कारभार. पट्टीचा रंग बघत ऐकलेलं ते स्पष्टीकरण माझ्या डोक्यातून जाणं शक्य नाही. इतकी वर्षं दोन वेगळे आजार म्हणून सोसलेलं एकच दुखणं निघालं.

तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, ती मी आता भेटेल त्या प्रत्येकीला सांगते. अंगातून वाफा निघणं, दरदरून घाम येणं हे बहुतेकींचं काही वर्षांत ओसरतं. खालचा कोरडेपणा तसा आपोआप ओसरत नाही, उपचार केला नाही तर तो सहसा वाढतच जातो. पाळी गेलेल्या जवळपास निम्म्या बायकांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. तरीही 'वयाप्रमाणे व्हायचंच, सहन करा' असं सांगणारे घरात भेटतात आणि दवाखान्यातही भेटतात. हा सल्ला मला आता सरळ चुकीचा वाटतो. चष्मा लागला तर कुणी सहन करत बसत नाही.

तुम्ही योनीत ठेवायची १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायोलची, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराची, गोळी लिहून दिलीत. मी ती आणली, खोका उघडला, आतला घडीघडीचा कागद वाचला आणि हातपाय गळाले. स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, स्मृतिभ्रंश. एवढं सगळं एका चिमुकल्या गोळीपायी? मी दुसऱ्या दिवशी फोन केला. 'घाबरू नका, घ्या' एवढं म्हणून तुम्ही सहज मोकळ्या होऊ शकला असतात. तुम्ही म्हणालात, "तो कागद घेऊनच या." दुसरा मोठा आभार त्यासाठी.

कागद टेबलावर पसरून तुम्ही सांगितलंत की या इशाऱ्यांचं मूळ २००२ मध्ये आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात सोळा हजारांहून अधिक बायकांपैकी काहींना रोज पोटात घ्यायची इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं औषध) यांची एकत्र गोळी दिली होती, तर काहींना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि गुठळ्या जास्त आढळल्या, म्हणून तो भाग मुदतीआधीच थांबवला गेला. पुढच्या वर्षी इशारा आला तो इस्ट्रोजेनच्या सरसकट सगळ्या औषधांवर. पोटात घ्यायचं आहे की नुसतं योनीत ठेवायचं, मात्रा किती, हा भेदच त्यात राहिला नाही.

मग तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडलात. पहिले दोन आठवडे रोज रात्री एक, नंतर आठवड्यातून दोनदा. वर्षभराचं सगळं मिळून १.१४ मिलिग्रॅम. पोटात घ्यायच्या इस्ट्राडायोलच्या नेहमीच्या एका गोळीत, एका दिवसासाठी, १ मिलिग्रॅम असतं. म्हणजे अशी गोळी पोटात घेणाऱ्या बायका एका दिवसात घेतात जवळजवळ तेवढं मी वर्षभरात घेणार, तेही तिथल्या तिथे. त्यातलं रक्तात उतरतं ते फार थोडं, पातळी पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या हद्दीतच राहते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. घाबरलेल्या मैत्रिणीला समजावताना मी कितीही बोलले तरी जे जमत नाही ते त्यावरची चार ओळींची बेरीज करते.

त्याच अभ्यासातल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक बायकांची माहिती पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्याचंही तुम्ही सांगितलंत. योनीत इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, पक्षाघात, गुठळ्या यांचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. लगेच तुम्ही हेही सांगितलंत की हे बायकांवर नुसतं लक्ष ठेवून केलेलं निरीक्षण आहे, चिठ्ठ्या टाकून औषध वाटून केलेला प्रयोग नव्हे. सोयीची गोष्टही इतकी मोजून-मापून सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास बसला नसता तरच नवल. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे चौकटीतले ठळक इशारे अशा औषधांवरून काढण्याचं जाहीर केलं. ती बातमी वाचली तेव्हा पहिली आठवण तुमची झाली.

सुरू करण्याआधी तुम्ही जे विचारलंत तेही इथे लिहिते, कारण कुणी माझं वाचून मैत्रिणीच्या खोक्यातली गोळी उचलू नये. पाळी गेल्यानंतर कधी अंगावरून रक्त गेलं का? स्तनाचा किंवा गर्भपिशवीचा कर्करोग झाला होता का? पायात, फुप्फुसात गुठळी झाली होती का? रक्त जात असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं, औषध नंतर. आणि औषध चालू असताना कधीही, एक डाग जरी दिसला तरी थेट यायचं, ही तुमची ताकीद. एवढ्या कमी मात्रेला गर्भपिशवीच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनची जोड सहसा लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

ज्यांना गोळी नको असेल त्यांच्यासाठी क्रीम असतं, तीन महिने आत राहणारी लवचिक रिंगही असते. बाहेरच्या बाजूला, मूत्रमार्गाच्या तोंडाशी आग असेल तर बोटावर घेऊन लावायला क्रीम बरं. फक्त क्रीमची मात्रा आपल्या हातात असते, तेव्हा नळीवरच्या खुणेच्या पुढे जायचं नाही. संबंधाच्या आधी वंगण म्हणून ते लावायचं नाही, त्यासाठी वेगळं ल्युब्रिकंट मिळतं. सुवासिक साबण, जंतुनाशकं आत घालून धुणं हे सगळं बंद. या त्रासावरच्या लेझर उपचाराबद्दल मी विचारलं तेव्हा तुम्ही थोडक्यात सांगितलंत की त्याच्या जाहिराती पुराव्याच्या फार पुढे धावल्या आहेत.

आणि काय होणार नाही, तेही तुम्ही आधीच बजावलंत. वाफा कमी होणार नाहीत, हाडांना त्याचा उपयोग नाही. पहिले काही दिवस किंचित चुणचुणेल, थोडा स्राव जाईल. फरक काही आठवड्यांत जाणवू लागेल, पूर्ण फायद्याला तीन महिनेही लागतील. थांबवलंत तर त्रास बहुधा परत येईल, कारण शरीराचं इस्ट्रोजेन काही परत येणार नाही. हे माहीत होतं म्हणूनच पहिल्या आठवड्यात काही फरक दिसला नाही तरी मी खोका कपाटात टाकला नाही.

फरक मला आधी खुर्चीवर कळला. एक लांबलेली बैठक संपवून उठताना लक्षात आलं की मी एकदाही चुळबुळ केली नाही, एकदाही निमित्त काढून बाहेर गेले नाही. लघवीची आग त्यानंतर हळूहळू गेली. १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या ज्या चाचणीबद्दल तुम्ही बोलला होतात, तिच्यातले आकडे मला आता पुस्तकी वाटत नाहीत. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या, पाळी गेलेल्या बायका. इस्ट्रिऑल (हाही इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा त्रास, औषध नसलेलं क्रीम वापरणाऱ्यांना ५.९ वेळा. केवढी अँटिबायोटिक्स वाचली असतील! मध्यंतरी एकदा मला पुन्हा आग झाली तेव्हाही तुम्ही आधी कल्चर पाठवलंत आणि जंतू सापडल्यावरच औषध दिलंत.

आमच्या नवरा-बायकोच्या नात्याबद्दल थोडंच लिहिते. मी दूर सरकते ती रागाने, असं ते समजून बसले होते आणि मी काहीच बोलत नव्हते. तुम्ही "त्यांची हरकत नसेल तर पुढच्या वेळी त्यांनाही आत बोलवा" म्हणालात. मला जे अवघड जात होतं ते तुम्ही त्यांना आकृती काढून दहा मिनिटांत सांगितलंत. त्यांनी शंका विचारल्या, तुम्ही उत्तरं दिलीत. घरी आल्यावर आम्ही बोललो, आणि अजून बोलतो. यासाठी त्यांनीही आभार कळवायला सांगितले आहेत.

शेवटी माझ्या थोरल्या बहिणीबद्दल. तिचा स्तनाचा कर्करोग तुम्हाला मी सांगितला होता. तिलाही हाच त्रास आहे, आणि मला आलेला गुण बघून तिने 'मलाही हीच गोळी विचार' म्हटलं होतं. तुम्ही माझ्यामार्फत तिला औषध दिलं नाहीत, हे फार बरं केलंत. ती लेट्रोझोल घेते. शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणणं हेच त्या औषधाचं काम, त्यामुळे तिच्याबाबतीत योनीत थोडं इस्ट्रोजेन देण्याचा निर्णयही तिच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच व्हायला हवा, हे तुम्ही समजावलंत. तोवर हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून काही वेळा आणि संबंधाच्या वेळी ल्युब्रिकंट, असं सांगितलंत. तेवढ्यानेही तिला थोडा आराम आहे. पुढच्या महिन्यात तिने तुमची वेळ घेतली आहे. बायोप्सीचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि कर्करोगतज्ज्ञांचा फोन नंबर ती सोबत आणेल. मीही तिच्याबरोबर येईन.

मनापासून आभार, मॅडम.

आपली,
एक पेशंट