३०३ चा नळ आधी चालू करा

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय व व्यवस्थापन समिती, सहकारी गृहनिर्माण संस्था,
औसा रोड, लातूर

विषय : ३०३ च्या न्हाणीतून माझ्या स्वयंपाकघरात होणारी गळती, मालकाला सोडून भाडेकरूंचा तोडलेला पाणीपुरवठा आणि नोटीस बोर्डावरचा मजकूर.

संदर्भ : माझा दिवाळीआधीचा अर्ज व संक्रांतीनंतरचा स्मरणअर्ज. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचंही नाही.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी तक्रार गळतीची होती आणि ती ३०३ च्या मालकाविरुद्ध होती. समितीने मालकाला एक फोनही केला नाही. मागच्या आठवड्यात गच्चीवर जाऊन ३०३ चा व्हॉल्व्ह बंद केला आणि भाडेकरूंच्या दारावर आणि नोटीस बोर्डावर कागद चिकटवला : "भाडोत्र्यांनी पाण्याचा गैरवापर केल्याने पुरवठा बंद करण्यात येत आहे." खाली संदर्भ म्हणून माझी सदनिका, २०३. माझ्या दोन्ही अर्जांत 'गैरवापर' हा शब्द कुठेही नाही. 'भाडोत्री' तर मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. आता त्या घरातली बाई कळशी घेऊन माझ्याच दाराशी येते आणि तिच्या दारावरच्या कागदावर माझ्याच घराचा नंबर आहे. माझ्या आडून समितीने हे का करावं?

गळती कशाची आहे हे मी समितीच्या भरवशावर न राहता पाहून घेतलं आहे. स्वखर्चाने प्लंबर आणला. ३०३ मधल्या ताईंनी एका शब्दाने दार उघडून दिलं, स्वतःचे हंडे-बादल्या बाहेर काढून न्हाणी रिकामी करून दिली. आधी न्हाणी पूर्ण कोरडी ठेवून फक्त नळाच्या पाइपात पाणी भरून ठेवलं. माझ्या छताचा डाग होता तेवढाच राहिला. मग नाहणी ट्रॅपचं, म्हणजे न्हाणीतलं पाणी जायच्या भोकाचं, तोंड बांधून चार बोटं पाणी साठवलं, तर दुसऱ्या दिवशी ओट्याच्या वरचा छताचा डाग ताटाएवढा होता तो परातीएवढा झाला. म्हणजे पाइप शाबूत आहे. फरशीचे सांधे आणि ट्रॅपभोवतीचा कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, गेला आहे. अशा न्हाणीत एका माणसाने आंघोळ केली तरी पाणी खालीच येणार. यात गैरवापर कुठे आला?

यावर इलाजही एकच आहे. फरशी उचलायची, जुना कोबा फोडायचा, ट्रॅप नवा बसवायचा, वॉटरप्रूफिंग करून वर पाणी साठवून तपासायचं आणि मगच फरशी बसवायची. मालकाने गेल्या उन्हाळ्यात एक माणूस पाठवून सांध्यांत व्हाइट सिमेंट फासलं आणि सचिवांना "काम झालं" म्हणून कळवलं. पावसाळा सरायच्या आत ते उडालं. सचिवांच्या वहीत मात्र काम झालेलंच आहे.

माझ्या स्लॅबचं प्लास्टर आता एका कोपऱ्यात फुगलं आहे. आत पाणी मुरलं की गज गंजतो, गंजला की फुगतो आणि भोवतालचं काँक्रीट फोडतो, हे बांधकामावरचा कुठलाही मिस्त्री सांगेल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याने पाहिली आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरच्या माणसाने तरी स्लॅबच्या भेगेला "रंग मारून घ्या, काकू" असं उत्तर देऊ नये. सचिवांनी मला नेमकं हेच उत्तर दिलं.

आता मालकाविषयी. ते पुण्याला असतात आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. घर भाड्याने देणं हा त्यांचा हक्क आहे. पण त्यांनी हॉलमध्ये प्लायवुडची भिंत घालून एका घराची तीन घरं केली आणि तिघांकडून वेगळं भाडं, वेगळं डिपॉझिट घेतात. न्हाणी एक, संडास एक. एका खोलीत अहमदपूर तालुक्यातल्या ताई लेकीला घेऊन नीटसाठी, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठी, घर करून राहिल्या आहेत. गावाकडे नवरा एकटा सोयाबीन-तूर पाहतो. दुसऱ्या खोलीत गंगाखेडकडची दोन मुलं आहेत, दोघेही रिपीटर, म्हणजे तीच परीक्षा पुन्हा देणारे. तिसऱ्या खोलीत नवरा-बायको आहेत, नवरा तेलगिरणीत रात्रपाळी करतो. गिझर बंद, खिडकीची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. डिपॉझिटमधून काय कापायचं ते मात्र मालकाला दर वेळी बरोबर आठवतं. आधीच्या भाडेकरूकडून त्यांनी रंगाचे पैसे कापून घेतले आणि रंग आजतागायत दिलेला नाही.

ताईंनी मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते : "काकू, मालकाला कितीदा फोन लावला. ते म्हणतेत, राहायचं तर राहा, नाईतर खोली सोडा. लेकीचे पेपर तोंडावर आलेत, आता मी कुठं जाऊ?"

मे महिन्याच्या सुरुवातीला नीट असते. अशा दिवसांत त्या घरातलं पाणी समितीने तोडलं आहे. पोरगी क्लासवरून आल्यावर पुस्तक ठेवून तळमजल्यावरून बादल्या वाहते. लिफ्टमध्ये बादली न्यायला मनाई, हाही आपल्याच समितीचा ठराव.

समिती नेहमी नियमांवर बोट ठेवते, म्हणून मीही नियमच सांगते. उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या सामाईक नळाची आणि ड्रेनेजची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घराच्या आतली दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची. सभासद म्हणजे मालक. भाडेकरू नव्हे. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा आणि सभासदाला दुरुस्ती करायला लावण्याचा अधिकार संस्थेला आहे. तो समितीने एकदाही वापरला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई या अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय भाडेकरूच्या तोडता येत नाहीत. मालकाला स्वतः नाही आणि त्याच्या वतीने वागणाऱ्या कुणालाही नाही. व्हॉल्व्ह बंद करताना समिती कुणाच्या वतीने वागत होती? कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारीही मालकाचीच. ३०३ मध्ये पाचशेच्या बॉण्डवर नोटरी करून अकरा महिने चालवले जातात, हे सचिवांना ठाऊक आहे. त्यांनी मालकाकडे नोंदणीकृत कराराची प्रत कधी मागितली?

पैशांचंही बोलते. समिती ३०३ कडून दरमहा ५०० रुपये 'भाडेकरू चार्ज' घेते. मालक ते भाड्यात धरून वसूल करतात, म्हणजे भरणारे शेवटी हेच लोक. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे घर भाड्याने दिल्याबद्दल घ्यायचं हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा आदेश कायम ठेवला. आपलं सेवाशुल्क १,२०० आहे. हिशोब आपणच करावा. पाण्याची आकारणी नळजोडांची संख्या आणि आकार पाहून करायची असते, घरातली डोकी मोजून नव्हे. तरी वॉचमनला पाठवून ३०३ मधली माणसं मोजली जातात. माझ्याकडे दिवाळीत सगळी लेकरं-नातवंडं येतात, तेव्हा कुणी मोजायला आलं नाही.

मी तक्रार केल्यावर सचिवांनी माझ्या गॅलरीच्या जाळीचा विषय काढला. ती जाळी कबुतरांसाठी आहे, तशा जाळ्या १०१ आणि २०४ च्याही आहेत, आणि गळतीशी तिचा काही संबंध नाही.

आता संस्थेच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेतला विषय : "यापुढे विद्यार्थी व कुटुंब नसलेल्या व्यक्तींना सदनिका भाड्याने देऊ नयेत." उपविधींत भाड्याने देण्याआधी संस्थेला लेखी कळवणं आहे, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत देणं आहे. कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हे समितीने ठरवणं त्यात नाही. आणि नियम बाजूला ठेवले तरी हा ठराव लातूरमध्ये करायचा? ट्यूशन एरियातली, म्हणजे क्लासेसच्या भागातली मेस, झेरॉक्सची दुकानं, किराणा, पाण्याच्या जारच्या गाड्या, शिलाईची दुकानं, सगळं या लेकरांच्या पैशांवर चालतं. नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीचे आईबाप जमीन गहाण टाकून त्यांना इथे पाठवतात. आपल्या इमारतीचे निम्मे हप्ते त्यांच्याच भाड्यातून फिटले आहेत. ठराव मांडणाऱ्यांपैकी दोघांच्या सदनिका आजही विद्यार्थ्यांनाच दिलेल्या आहेत.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने या शहराला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आपल्या हौदावर सगळे एका रांगेत उभे होतो. कोण मालक आणि कोण भाडेकरू, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आजही नळ रोज येत नाही, बोअर मार्चमध्येच धापा टाकतो, आणि ३०३ च्या फुटक्या कोब्यातून रोज पाणी वाया जातं. पाण्याची खरी काळजी असती तर समितीने आधी तो कोबा पाहिला असता.

महोदय, आपण बँकेत होतात. बदल्यांच्या गावी आपणही भाड्यानेच राहिलात. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, माझी निम्मी नोकरी निलंगा आणि उदगीरकडच्या भाड्याच्या खोल्यांत गेली. उदगीरच्या घरमालकीणबाई फार शिकलेल्या नव्हत्या. पण पावसाळ्याआधी पत्र्यावर स्वतः चढून डांबर लावून घ्यायच्या आणि खोलीत यायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप पाठवायच्या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात हेच लिहिलं आहे : घरात येण्याआधी २४ तासांची सूचना, आणि राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. तो कायदा आपल्या राज्यात लागू झालेला नाही, हे मला माहीत आहे. पण माणसाने माणसाशी असं वागायला कायदा लागू होण्याची वाट का पाहायची? ३०३ चे मालक पुण्याहून आले की बेल न वाजवता स्वतःच्या किल्लीने दार उघडतात. आत वयात आलेली मुलगी राहते. ताईंनी आतून कडी बसवायची परवानगी मागितली, तर "दार खराब होईल" म्हणून नाकारली.

स्वस्त भाडं म्हणजे पडकं घर, असं आपल्याकडे सगळ्यांनी मानूनच घेतलं आहे. मला ते मान्य नाही. भाडं कमी असलं तरी ताई दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत ते देतात, जिन्याचा आपला मजला स्वतः झाडतात, गच्चीवरचा दिवा बंद करायला त्यांचीच पोरगी जाते. १०४ चे काका, २०१ च्या वहिनी आणि ३०१ चे सर, तिघांनीही मला सांगितलं की ३०३ च्या लोकांचा त्यांना काडीचा त्रास नाही. ते सही करायला कचरतात, कारण सचिवांशी रोजचं येणंजाणं आहे. पण जिन्यात विचारून पाहा. इमारतीतल्या बहुतेकांचं म्हणणं माझ्यासारखंच आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. मालकाच्या पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने समितीच्या सहीची नोटीस जावी, त्यात न्हाणीच्या पूर्ण दुरुस्तीची मुदत असावी, आणि मुदतीत काम झालं नाही तर संस्थेने ते करून घेऊन खर्च त्यांच्या देखभाल बिलात लावावा. काम नीटचा पेपर झाल्यावर सुरू करावं. इतके महिने थांबले, तेवढं आणखी मी थांबेन, डागाखाली पातेलं ठेवून स्वयंपाक करीन. पण नोटीस आत्ताच जावी. न्हाणी बंद असेल त्या दिवसांत ३०३ च्या लोकांना तळमजल्यावरची वॉचमनची न्हाणी वापरू द्यावी आणि त्या दिवसांचं भाडं मालकाने घेऊ नये, असंही नोटिशीत लिहावं. जादा घेतलेलं शुल्क बिलातून वळतं करावं. भाडेकरूबंदीचा विषय पत्रिकेतून काढावा. दारावरचा आणि बोर्डावरचा कागद ज्यांनी लावला त्यांनीच तो काढावा, आणि ताईंच्या समोर काढावा.

सभेला मी येणार आहे आणि हेच सगळं सभेत वाचणार आहे. भाडेकरूला तिथे मत नाही, म्हणून त्यांच्या वतीने कुणीतरी बोललंच पाहिजे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर दोन्ही पोचपावत्या, छताचे फोटो आणि दारावरच्या कागदाची प्रत घेऊन मी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाईन.

पाण्याला मात्र पंधरा दिवस नाहीत. ३०३ चा व्हॉल्व्ह हे पत्र हाती पडताच उघडावा. गच्चीची किल्ली वॉचमनकडे नसून सचिवांकडे आहे, हे मी खात्री करून घेतलं आहे.

आपली,
सभासद, सदनिका क्र. २०३

प्रत : समितीचे सर्व सदस्य.
प्रत : सदनिका ३०३ चे मालक, पुणे, स्पीड पोस्टाने.