विकून विकत आणू नये: खालच्या वस्तीवरच्या मावशींना

मावशी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. मधेच "पुरे गं" म्हणून तिला उठवू नका. गेल्या दिवाळीत लुगडं घेऊन आले, तर तुम्ही ते माझ्याच पिशवीत परत कोंबलंत आणि म्हणालात, "आभार कसले मानायलीस, तेवढ्या वेळात शेंगा फोड." शेंगा फोडल्या, आभार तसेच राहिले. म्हणून आता चारचौघांत मानते. परत कोंबायला इथं पिशवीच नाही.

2020 च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून आलो ते तुम्ही पाहिलंच आहे. ह्यांची नोकरी गेलेली, लेकरू चार वर्षांचं, आणि लातूर जिल्ह्यातलं हे चार एकर कोरडवाहू रान. वस्तीवर राहायचं म्हटल्यावर खर्च तो कसला, असं आम्हाला वाटलं होतं. तीन महिन्यांत किराणा दुकानातली उधारीची वही पुण्यातल्या खर्चाच्या जवळ जाऊन पोचली. त्यातच विकत आणलेलं सोयाबीन उगवलं नाही. त्या खरिपात मराठवाड्यात किती जणांवर ती वेळ आली, हे मी सांगायला नको. दुबार पेरणीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. तेव्हा तुम्ही ताक द्यायला आलात, माझं तोंड पाहिलंत आणि म्हणालात, "वही आण बरं."

तुम्हाला वाचता येत नाही. तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलंत आणि दर ओळीला एकच विचारत राहिलात: हे आपल्या रानात होतं का? तूरडाळ. होतं. मूग. होतं. खराटा, तिखट, अंडी. होतं, होतं, होतं. सासऱ्यांनी ठेवलेली दोन पोती तूर आम्ही आल्याआल्या आडतीवर घालून मोकळे झालो होतो, आणि डाळ मात्र किलोकिलोनं पाकिटातून आणत होतो. तुम्ही रागावला नाहीत. "विकून विकत आणू नये बाई," एवढंच म्हणालात. त्या दिवसानंतर मी वहीत एक रकाना वाढवला. जे बाहेर घातलं आणि परत आणलं, त्यावर लाल फुली. पहिल्या महिन्यात पान लालच लाल.

डाळीचं शिकवलंत ते मला सगळ्यात जड गेलं. तूर रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून तांबडी माती चोळायची, मग ऊन कडक असेतो तीन-चार दिवस खडखडीत वाळवायची आणि जात्यावर भरडायची. पहिल्या वर्षी मी घाईनं दीड दिवसातच जात्याला लावली आणि जात्याच्या पाळीत लगदा बसला. तुम्ही तो खरवडून काढलात, वर हसलात. आता दहा किलो तुरीची सातेक किलो डाळ निघते, चुनी म्हशीला जाते. पाकिटातल्या डाळीसारखी ती गुळगुळीत नसते. पाहुणे आले की मला अजून थोडं कानकोंडं होतं. वरणाला चव मात्र तीच लागते जी आमच्या आजीच्या हातची होती.

मुगाच्या डब्यात गाळलेली राख, ज्वारीच्या पोत्यात कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, मोरीचं पाणी चर काढून केळी-आळूला, तुराट्यांवर बंबातलं अंघोळीचं पाणी. एकदा सांगितलंत आणि जमलं. एका गॅस टाकीला आमच्याकडे पूर्वी सहा आठवडे लागायचे, आता ती तीन महिने पुरते. पाण्याबद्दल तर तुम्ही बोललाही नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणात ओतताना पाहिलं तेवढंच. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आम्ही पुण्यात टीव्हीवर पाहिलं होतं. तुम्ही ते साल इथं काढलंय.

खरं ते सांगते, तुमचं सगळंच मी ऐकलेलं नाही. चुलीचा धूर मला सोसला नाही, डोळे सुजले. स्वयंपाक गॅसवरच होतो. राखेनं भांडी घासून हाताची सालटं निघाली, तेव्हा साबणाची वडी परत वहीत आली. त्या ओळीवर मी फुली मारत नाही.

पण बियाण्याचं ऐकलं, आणि त्यानंच घर सावरलं. सोयाबीनचं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण असेल तर घरचंच बी दोन-तीन वर्षं पेरता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दरवर्षी नवी बॅग घ्यायची असते, असंच वाटायचं. तुम्ही मळणीयंत्राच्या माणसाला फेरे कमी करायला लावलेत. बियाण्याची पोती कोरड्या फळ्यांवर ठेवायला सांगितलीत. "सोयाबीनला बाळंतिणीगत जपायचं, त्याची साल लई नाजूक." ह्यांनी ऐकलं आणि एक पोतं तरीही ट्रॅक्टरवरून धप्पकन खाली टाकलं. मे महिन्यात तुम्ही ओलं गोणपाट घेऊन आलात. दोन्ही पोत्यांतले शंभर-शंभर दाणे रांगेनं मांडले, गुंडाळी केली, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी मोजलं. जपलेल्या पोत्यातले 82 उगवले होते, टाकलेल्यातले 51. सत्तरच्या खाली बियाणं म्हणून पेरायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. कृषी सहायकांनीही नंतर तेच सांगितलं. ते दुसरं पोतं आडतीवर गेलं. ह्यांनी त्या दिवसापासून पोतं दोन्ही हातांनी उतरवायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे.

निंबोळ्यांचंही तसंच. वाळवून कुटलेल्या अर्धा किलोचा रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, दहा लिटर पाण्याला. तुम्ही मापं तांब्यात सांगत होतात, मी किलोत लिहून घेतली. हरभऱ्यावर अळी बारीक असतानाच मारला तर उपयोग, मोठी झाली की काही होत नाही. हे मी एक वर्ष उशीर करून शिकले. हरभरा पेरताना मूठभर ज्वारी विस्कटलीत तेव्हा मला वाटलं, चुकून सांडली. मग त्या ताटांवर साळुंक्या बसायला लागल्या आणि अळ्या टिपायला लागल्या.

तुमच्या शिवलेल्या वाकळेत माझ्या लग्नातला शालू आहे, म्हणून लेकरू त्यावरच झोपतं.

आता मुद्द्याचं. आम्ही आलो त्या साली रब्बीला बी नव्हतं, तेव्हा तुम्ही दोन पायल्या मालदांडी ज्वारी दिलीत. मी सव्वाई, म्हणजे घेतलेल्याच्या सव्वापट, घेऊन आले, तर तुम्ही दारातूनच परत लावलंत. दुसऱ्या वर्षी आले, तर म्हणालात विसरले मी ते. मी नाही विसरले. अडीच पायल्या निवडून, कडुलिंबाचा पाला घालून, तोंड शिवून ओट्यावर ठेवल्यात. नातवाला सायकल घेऊन पाठवा. आणि त्याला सांगा, पोतं हळू उतरव.

तुमची,
वरच्या वस्तीवरची सून