बाबा, आत्ताच घरी नाही

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा "मी ठणठणीत आहे" म्हणून विषयच संपवतात, म्हणून लिहितेय. आधीच सांगते, रागावू नका. डॉक्टरांशी बोलून ठरवलंय, या आठवड्यात डिस्चार्ज नाही. तुम्हाला न विचारता बोलले, चुकलंच, पण विचारलं असतं तर बाबांनी पिशवी भरून ठेवली असती, मागच्या वेळेसारखी.

आई, तू म्हणालीस स्वादुपिंडाची सूज उतरली, सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) खाली आलं, आता कसली भीती. तीच तर गोष्ट आहे ना. पित्ताचा खडा नळीत अडकला, पाचक रस स्वादुपिंडातच कामाला लागला, मग टीएनएफ, आयएल-६ असे भडकवणारे सायटोकाइन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं, रक्तातून सगळीकडे पोचले आणि फुप्फुसं, किडनी रुसल्या. असं ४८ तासांच्या वर चाललं की त्याला सिव्हिअर म्हणतात. हा भडका आवरायला शरीर स्वतःच ब्रेक लावतं, आयएल-१० वगैरे शांत करणारे सायटोकाइन सोडून, हे चांगलंच आहे, पण तो ब्रेक फार वेळ दाबलेला राहिला तर पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि नेमकं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्यातले जंतू स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात शिरू शकतात. म्हणजे बाबांना बरं वाटतंय हे खरं, पण पहारा ढिला असू शकतो हेही खरं.

आणि बाबा, नर्सला विचारलंत ना, मग आयएल-१०चं इंजेक्शनच का देत नाही? उंदरांना वेळेत दिलं तेव्हा आजार सौम्य झाला होता. माणसांत पित्तनळीच्या एंडोस्कोपीआधी देऊन बघितलं, कारण तिच्यानेही स्वादुपिंड सुजू शकतं; एका ट्रायलमध्ये फायदा दिसला, नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये नाही. शिवाय सिव्हिअर पेशंटच्या रक्तात ते आधीच वाढलेलं असतं, मग वरून अजून ओतायचं कशाला? प्रश्न मात्र भारी होता हं.

काल व्हिडिओ कॉलवर तुमच्या बोटाचा तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लाल चमकत होता. मला गोवर झाला तेव्हा रात्री लाइट गेलेले, तुम्ही माझ्या बोटामागे बॅटरी धरून म्हणालात, बघ, आत दिवा आहे तुझ्या. मी किती दिवस खरंच मानत होते. कॉल कट केल्यावर जरा रडले, आता बरी आहे.

मऊ उशी, रेडिओ, जाड चष्मा दादासोबत पाठवलंय. खिडकीजवळचा बेड मिळाला तर बघायला सांगितलंय. दिवसातून चार वेळा चाला, हळूच. थंडी वाजली, ताप आला, पोट परत दुखलं की लपवायचं नाही, बाबा, लगेच बेल. उगाच खबरदारी म्हणून अँटिबायोटिक मागू नका, त्याने इन्फेक्शन टळत नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन नंतर, आतलं सगळं निवळल्यावर. सर्दीवाले पाहुणे नकोत, आत्या असली तरी. आई, तू रात्री घरी झोपायचं, दादा थांबेल. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही गं, तुझी कंबर मला माहितीय.

शनिवारी पोचते. आणि ती पिशवी आजच घरी घेऊन जा.

तुमची,
छोटी